वेग कमी करून मिळणेबाबत

जिंतुरात इंटरनेट हळू चालतं म्हणून बोंब मारणारे घरटी दोन सापडतील. ते फार जोरात चालतं अशी तक्रार असलेला माणूस मात्र एकच आहे, आणि तो माझ्या शेजारी राहतो. उत्तमराव वाव्हळे त्यांचं नाव. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना रीतसर अर्ज दिला. विषय : महाविद्यालयातील इंटरनेटचा वेग कमी करून मिळणेबाबत. खाली महोदय, त्याखाली ‘उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, किमान निकालाच्या दिवशी तरी सदर लीज लाईन पूर्वीच्या मोडेमच्या वेगाने चालविण्यात यावी’, आणि शेवटी आपला विश्वासू.

मी त्या कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक आहे, त्यामुळे अर्ज माझ्याच टेबलावरून आत गेला. प्राचार्यांनी तो दोनदा वाचला आणि हे गृहस्थ तुमचे कोण, असं मला विचारलं. शेजारी, मी म्हणालो. शेजाऱ्याच्या डोक्याची जबाबदारी सेवानियमांत कुठल्या कलमाखाली येते ते मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी ती माझ्या अंगावर आली. अर्जावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा पडला आणि पुढचा आठवडाभर स्टाफरूममध्ये हसायला एक विषय मिळाला.

आता ही लीज लाईन काय चीज आहे ते सांगतो. साधं इंटरनेट म्हणजे गल्लीतला नळ, सगळ्यांनी एकदम उघडला की धार बारीक. लीज लाईन म्हणजे फक्त आपल्यासाठी ओढलेली वेगळी पाइपलाइन. दुसरा वाटेकरी नाही, यायचा वेग तोच जायचा वेग, दिवसरात्र चालू. आमच्याकडे ती विद्यार्थ्यांच्या कळवळ्यानं आली असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमची संस्था पाहिलेली नाही. तपासणीला कमिटी येणार होती आणि कमिटीच्या कागदावर लीज लाईनचा एक रकाना होता. म्हणून आली. राऊटरला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडताना पाणी त्याच्यावर उडू नये म्हणून शिपायानं मध्ये फाइल धरली. अध्यक्षसाहेबांनी माउसचं बटण दाबलं, टाळ्या झाल्या, आणि प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की आता ज्ञान शंभर एमबीपीएसच्या वेगानं जिंतुरात येणार. कमिटी जेवून गेली. तेव्हापासून त्या लाईनवर पोरं स्कॉलरशिपचे फॉर्म भरतात आणि उरलेल्या वेळात रील्स बघतात. प्राध्यापकही बघतात, पण दार लोटून.

त्या समारंभाला उत्तमराव मागच्या रांगेत बसले होते. बाहेर पडताना त्यांनी माझा दंड धरला आणि विचारलं, “जाधवसाहेब, एवढ्या घाईनं येऊन करणार काय हाय ते ज्ञान?” मी त्यांना चहाकडे वळवलं.

ते समारंभाला होते कारण त्यांची मुलगी प्रज्ञा आमच्याकडे इतिहास शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास शिकवील तितक्यांचेच पैसे आणि सुट्टीत काहीच नाही. कायमच्या माणसांपेक्षा ती जास्त शिकवते आणि स्टाफरूममध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते, कारण टेबल कायमच्यांना असतं. आई वारली तेव्हापासून घरात बाप आणि लेक, दोघंच. पोरगी पहाटे उठून सरकारी अधिकारीपदाच्या परीक्षेचा अभ्यास करत आली. एकदा लेखी निघाली नाही, एकदा मुलाखतीत गेलं. लग्नाचं कुणी काढलं की ‘निकालानंतर बघू’ म्हणून विषय पुढे जायचा, आणि असे निकाल येत येत केसांत पांढरे दिसायला लागले. त्या वर्षीची परीक्षा तिच्या वयात बसणारी शेवटची होती. निकाल उन्हाळ्यात लागणार होता. उत्तमरावांच्या त्या अर्जात ‘निकालाच्या दिवशी तरी’ असं जे लिहिलं होतं, तो निकाल हाच. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, कॉलेजात प्राचार्यांनासुद्धा.

या माणसाला मोडेमचा एवढा पुळका का, ते समजायला बरंच मागे जावं लागतं. स्टँडच्या रस्त्याला उत्तमरावांचं एसटीडीचं दुकान होतं. काचेच्या दाराची खोली, आत एक स्टूल, फोन, आणि वर फिरायचं सोंग करणारा पंखा. पुढे त्याच दुकानात त्यांनी एक मोडेम आणि जुने संगणक आणून बसवले आणि जिंतुरात इंटरनेट आलं. मोडेम टेलिफोनच्याच तारेवर चालायचा, त्यामुळे इंटरनेट चालू असलं की फोन बंद. डब्यावर छप्पन के असं लिहिलेलं, पण आमच्याकडच्या तारांतून तीस-बत्तीस हाती लागले तरी उत्तमराव खूश असायचे. आजची लीज लाईन त्याच्या हजारो पट. तेव्हा एक फोटो बघायचा तर तो वरून खाली उतरायचा, आधी केस, मग कपाळ, मग भुवया. तेवढ्यात गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. कधी नाकापर्यंत आल्यावर लाईन जायची आणि पुन्हा केसांपासून सुरुवात. गिऱ्हाईक चिडायचं, उत्तमराव मात्र मांडीवर हात ठेवून म्हणायचे, येऊ द्या, येऊ द्या.

त्या दुकानानं त्यांची जीभ कायमची बिघडवली. कुणी बोलता बोलता विचारात पडलं की हे म्हणणार, “डायल करायलाय अजून.” समोरच्याला समजलं का हे विचारायचं तर, “लागली का लाईन?” सासुरवाडीच्या लोकांबद्दल विचारलं तर एकच शब्द, एंगेज. लीज लाईनबद्दल त्यांचा स्वतःचा असा सिद्धान्त आहे की एवढ्या वेगानं आलेली माहिती कच्ची असते, पावडर टाकून पिकवलेल्या केळ्यांसारखी, वरून पिवळी आणि आत दगड. आमच्या संगणकाच्या प्राध्यापकांनी त्यांना एकदा तासभर समजावून सांगितलं की माहिती ही माहितीच असते, वेगानं तिला काही होत नाही. उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, केळीवालाबी असंच म्हणतो.

पण खरा ताप म्हणजे त्यांची खबर सांगायची पद्धत. मोडेमवर पान उतरायचं तशीच ते बातमी वरून खाली उतरवतात. मागे माझ्या मेव्हण्याची मोटारसायकल बोरीच्या रस्त्यावर घसरली. सांगायला हे आले. आधी वार सांगितला. मग ऊन किती होतं ते. मग पुलाच्या अलीकडे वाळूचा ढीग कुणाच्या बांधकामाचा, ते बांधकाम रखडलं का, इथवर आले. माझी बायको पदर तोंडाला लावून उभी. भाऊजी, माझ्या भावाचं काय झालं ते सांगा, असं ती रडवेली होऊन म्हणते, आणि हे म्हणतात, वहिनी, येऊ द्या. शेवटी कळलं की मेव्हण्याला खरचटलंसुद्धा नव्हतं, गाडीचा आरसा तेवढा फुटला होता. मी त्यांना दारातून घालवलंच असतं, पण बायकोनं चहा टाकला होता.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी हीच सवय साऱ्या गावाला भोवायची. तेव्हा निकाल बघायला दुसरी जागा नव्हती. चारठाण्यापासून बोरीपर्यंतची पोरं बापांना घेऊन सकाळच्या एसटीनं यायची आणि दुकानापुढे रस्ता बंद व्हायचा. उत्तमराव बैठक क्रमांक टाकायचे आणि पान उतरायला लागायचं. आधी नाव, मग आईचं नाव, मग एकेका विषयाचे गुण. निकाल काय ते सगळ्यात खाली. गणितापर्यंत आलं की उत्तमरावांना कळून चुकायचं, पोराला अजून कळलेलं नसायचं. पास असेल तर ते ओरडून सांगायचे. नापास दिसायला लागलं की टेबलाखाली पायानं तार ओढायचे आणि म्हणायचे, लाईन कटली बाबा, सांजच्याला ये, एकटा ये.

पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक एवढंच म्हणाले की वाव्हळ्याची लाईन बेकार आहे. दुसऱ्या वर्षी जिंतूरनं हिशेब लावला. ज्याची ज्याची लाईन कटली होती तो तो नापास निघाला होता. मग काय, उत्तमरावांच्या तोंडून ‘लाईन कटली’ निघालं की गर्दी त्या पोराकडे वळून बघायला लागली आणि बाप तिथंच कानाखाली काढायला लागले. सांभाळून घेण्यासाठी केलेली युक्ती नापासाची दवंडी होऊन बसली. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. उत्तमरावांनी तिसऱ्या वर्षी पास झालेल्यांच्याही लाईनी कापायला सुरुवात केली.

त्यात माझा धाकटा भाऊ सापडला. बारावीला होता, अभ्यासात बरा होता, आणि भर गर्दीत उत्तमराव त्याला म्हणाले, लाईन कटली, सांजच्याला ये. पोरगं तिथून उठलं ते घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलं. आईनं चूल पेटवली नाही. शेजारच्या बाया येऊन बसल्या, कुणाचा पुतण्या नापास होऊनही कसा पुढे गेला ते सांगू लागल्या. संध्याकाळी मी आणि वडील दुकानावर गेलो. भाऊ पहिल्या वर्गात पास झालेला. वडिलांच्या अंगाची आग झाली.

ते ओरडत होते तेव्हा माझं लक्ष काचेच्या खोलीकडे गेलं. आत आमच्याच गल्लीतला एक पोरगा स्टुलावर बसला होता, रिसिव्हर कानाला लावून, आणि ढसाढसा रडत होता. फोनची तार मोडेमला लावलेली, म्हणजे रिसिव्हरमध्ये काहीच नव्हतं. उत्तमराव नापास पोरांना आत नेऊन हळूहळू सांगायचे, कुठला विषय गेला, ऑक्टोबरला कसा निघतो, आणि मग रिसिव्हर हातात द्यायचे. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, लांबच्या गावाहून काही वाईट बातमी आली असेल. पोरगा त्यात पोटभर रडून घ्यायचा आणि तोंड धुऊन घरी जायचा.

वडिलांनी ते पाहिलं तरी त्यांचा आवाज खाली आला नाही. लोकांच्या पोरांची लाज झाकायला माझं पोरगं कामून उपाशी ठेवलं, असं त्यांनी विचारलं. उत्तमराव म्हणाले, “थांबा म्हनलेल्यात थोडे पास बी पाहिजेत की ओ, मालक. न्हाईतर थांबनाऱ्याकडं लोकं बघत्यात.”

वडील शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही ते कधी पटलं नाही. आमच्या घरातली ती एक दुपार त्यांनी आम्हाला न विचारता खर्चून टाकली. चांगुलपणा करायचा तर स्वतःच्या खिशातून करावा, असं माझं मत होतं आणि आजही आहे.

ब्रॉडबँड आलं तेव्हा समोर दुसरं दुकान निघालं, एसी आणि रंगीत प्रिंटसह. तिथं निकाल चुटकीसरशी दिसायचा आणि नापास म्हटलं की सगळ्या दुकानाला ऐकू जायचं. गर्दी तिकडे वळली. लोकांना कळायची घाई असते, कुणाच्या पोराचं काय झालं ते कळायची तर फारच. उत्तमरावांनी काही दिवस झेरॉक्स चालवून पाहिली आणि शटर ओढलं. काचेच्या खोलीत रडून गेलेल्यांपैकी एक जण आज गावातला मोठा कंत्राटदार आहे. रस्त्यात उत्तमराव दिसले की गाडीची काच वर घेतो. उत्तमराव म्हणतात, त्याचं बरोबर हाय, मला बघितलं की त्याला इंग्रजी आठवत असेल. मला मात्र त्या काचेवर दगड घालावासा वाटतो.

प्रज्ञाच्या निकालाच्या दिवशी उत्तमराव कॉलेज उघडायच्या आधी गेटवर हजर. इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला. माझ्या टेबलासमोरच्या बाकावर बसले ते उठायचं नाव नाही. अर्ज फेटाळला गेला होता त्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी फक्त एक मागितलं. म्हणाले, “यादी आली की आधी मला सांगा. पोरगी तासावर असंल. मी जातो आन् तिला भाईर बोलवून सांगतो. जे काय असंल ते माझ्या तोंडून कळू द्या.” मी म्हणालो, बरं. त्यात न देण्यासारखं काय होतं?

दुपारच्या आधी यादी लागली. माझ्या क्लार्कनं बटण दाबलं आणि शेकडो नावांची यादी पापणी लवायच्या आत उघडली. वरून खाली उतरण्याची भानगडच नाही. त्यानं प्रज्ञाचं नाव टाकलं. नाही. स्पेलिंग बदलून टाकलं. नाही. मी बैठक क्रमांक टाकायला सांगितला. नाही. हे सगळं मी सांगतोय त्याहून कमी वेळात झालं. मी मान वर केली तर उत्तमराव संगणकाकडे बघतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. ते उठले, बाकाखालच्या चपला पायात सरकवल्या आणि निघाले.

प्रज्ञाचा वर्ग नव्या इमारतीत होता, मैदानाच्या पलीकडे. उत्तमरावांचा गुडघा कामातून गेलेला, पायरी उतरताना ते कठडा धरतात. मैदानावर ऊन रखरखत होतं. ते शक्य तेवढ्या वेगानं चालत होते आणि मी दोन पावलं मागे. मध्यात एकदा थांबले, गुडघा दाबला, पुन्हा चालू लागले. हात धरू का म्हटलं तर त्यांनी हात झटकला. बोलण्यात दम घालवायचा नव्हता त्यांना.

तिकडे पालमला प्रज्ञाची मावशी राहते. तिच्या मुलानंही यादी उघडली होती आणि नाव शोधून पाहिलं होतं. मावशीचा जीव चांगला, त्यात वाईट हेतू काडीचा नाही. तिनं लगेच मोबाइलवर लिहिलं की वाईट वाटून घेऊ नको बाळा, नशिबात नव्हतं. एक बाप मैदान ओलांडत होता आणि एक मेसेज पालमहून निघाला होता. मेसेज आधी पोचला.

आम्ही दारात आलो तेव्हा प्रज्ञा फळ्यापाशी उभी होती. एका हातात खडू, दुसऱ्या हातात मोबाइल. आमच्याकडे हजेरी मोबाइलवर घ्यायचा नियम आहे, म्हणून तो तिच्याजवळ होता. तिनं यादी पाहिलेली नव्हती. ती लागल्याचंही तिला ठाऊक नव्हतं. सांत्वन येऊन पोचलं होतं आणि ते कशाबद्दल आहे हे ती बापाला विचारत होती.

“बाबा, निकाल लागला का?”

उत्तमराव चौकटीला धरून उभे. छाती वरखाली होत होती. हा माणूस वारापासून सुरुवात करणारा, उन्हापासून सुरुवात करणारा. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बातमी एका शब्दात सांगितली.

“लागला.”

प्रज्ञानं मान हलवली. बाबा, एवढा तास संपवून येते, म्हणाली, मोबाइल टेबलावर ठेवला आणि फळ्याकडे वळली. तेवढ्या वेळात तो मोबाइल टेबलावर थरथरत राहिला. पोरं त्याच्याकडे बघत होती, तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. मीही तिथून निघालो, कारण मला तिथं उभं राहवेना.

पुढे जे झालं त्याची मला आजही चीड येते. तास संपवून ती स्टाफरूममध्ये आली तर रांग लागलेली. ज्या माणसांनी इतक्या वर्षांत तिला टेबलाचा कोपरा दिला नाही त्यांनी आपली खुर्ची दिली. एकानं पाठीवरून हात फिरवला. एकीनं सांगितलं की जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून तिचं इतकं सांत्वन केलं की शेवटी तिलाच म्हणावं लागलं, सर, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. कॉलेजच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं पडायला लागली. सगळे तिला धीर देत होते आणि ती सगळ्यांना बरं म्हणत होती. डोळ्यांत पाणी यायला तिला कुणी फुरसतच दिली नाही.

सुटल्यावर बाप-लेक गेटमधून बाहेर पडले तेव्हा मी स्कूटर काढत होतो. ती हळू आवाजात बोलली, पण मला ऐकू आलं.

“बाबा, मला जरा वेळ एकटीला पाहिजे होता. माझंच होतं ना ते? माझ्या आधी सगळ्यांना कळलं.”

उत्तमरावांनी तिची पिशवी तिच्या हातातून घेतली आणि चालू लागले.

दिवस मावळायच्या सुमाराला बायकोनं डबा भरला. भाकरी, पिठलं, थोडा भात. आज त्यांच्याकडे कुणी काय रांधणार, म्हणाली. मी डबा घेऊन गेलो तर उत्तमरावांनी दाराच्या चौकटीतच प्लास्टिकची खुर्ची टाकलेली. दार मागे लोटलेलं. मधून जायला बोटभर फट नाही. त्यांचे साडू पालमहून एसटीनं आले होते, ते पायरीखाली उभे आणि तणतणत होते, की एवढ्या लांबून आलो तर माणसाला आत तरी घ्यावं. उत्तमराव त्यांना म्हणत होते, घरात कोणी न्हाई. साडूंनी एक-दोन शब्द सुनावले आणि ते स्टँडकडे गेले. मग समोरच्या वाघमारेबाई आल्या, त्यांनाही तेच. घरात कोणी न्हाई. त्या म्हणाल्या, दिवा लागलाय की. उत्तमराव म्हणाले, राहिला असंल चालू.

मी पुढे झालो. माझ्याकडे बघूनही ते उठले नाहीत. मी म्हणालो, उत्तमराव, मला ऐकू यायलंय. खरंच येत होतं. आत पोरगी रडत होती, दाबून ठेवलेलं नाही, मोकळं, लहान लेकरासारखं.

“ऐकू यायलंय तर मंग कामून उभे हाव, जाधवसाहेब?” त्यांचा आवाज कठोर नव्हता. “दिसभर सगळ्यांनी तिला बघितलं. आता कोणी बघू नये एवढंच करायलोय. मला बी आत जायचं न्हाई.”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यांनी खुर्ची रस्त्याकडे तोंड करून टाकली होती आणि ते एकदाही मागे वळून बघत नव्हते. तिच्या रडण्यापासून स्वतःलाही त्यांनी बाहेर ठेवलं होतं. सकाळपासून पोटात काही नसावं. पांढऱ्या सदऱ्याची इस्त्री पार गेली होती. घरात एकच माणूस उरलेलं आणि तेही दाराआड, आणि हे बाहेर, येणाऱ्या प्रत्येकाच्या शिव्या खात. मला वडिलांचा राग आठवला. तो राग मला अजूनही बरोबर वाटतो. पण मी डबा त्यांच्या पायाशी ठेवला आणि फिरलो.

घरी न जाता मी दूध आणायला म्हणून गल्लीच्या तोंडाशी गेलो. तिथं प्राचार्यांची गाडी येऊन थांबली. प्राचार्य उतरले, मागून त्यांच्या पत्नी उतरल्या, हातात फळांची पिशवी. दुपारी केबिनमध्ये जे सांगून झालं होतं तेच आता घरी येऊन सांगायचं होतं. वाव्हळ्यांचं घर कुठलं म्हणून त्यांनी मला विचारलं.

माझ्या नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत. प्राचार्यांशी मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो, निदान तोंडावर तरी नाही.

“घरी कोणी नाही, सर,” मी म्हणालो.

कुठे गेले, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पालमला. कधी येतील? सांगता येत नाही. बाईंनी फळांची पिशवी माझ्याकडे दिली, आले की द्या म्हणाल्या, आणि गाडी वळली. वळताना दिव्यांचा झोत गल्लीत शिरून दारातल्या खुर्चीवर पडेल म्हणून मी मध्ये उभा राहिलो.